किडा उताणा कसा करावा

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या जिन्यात वार्षिक सभेपेक्षा चांगली हजेरी लागते. ट्यूबलाइटखाली वाळवीचे पंखवाले पाहुणे, कुंडीच्या बुडाशी वेटोळं करून पडलेले पैसे, मोरीच्या जाळीतून मिशा हलवत अंदाज घेणारं झुरळ, आणि ज्यांची ओळखपाळख कुणालाच नाही असे असंख्य उपरे. यांच्यापैकी कुणाचं नाव ठाऊक नाही म्हणून माझं आजवर काही अडलं नव्हतं. किड्यांचे मी दोनच वर्ग मानत आलो: चपलेच्या टप्प्यातले आणि टप्प्याबाहेरचे. हे वर्गीकरण सोपं होतं, घरात सगळ्यांना मान्य होतं आणि त्याला भिंग लागत नव्हतं.

जुलैतल्या एका रविवारी गॅलरीत वाळत घातलेल्या, म्हणजे गेले कित्येक दिवस न वाळलेल्या टॉवेलवर एक किडा येऊन बसला आणि ही सगळी व्यवस्था कोलमडली. करंगळीच्या नखाएवढा. रंग हिरवा, पण मान डावीकडं कलती केली तर निळा आणि उजवीकडं केली तर सोनेरी. पाठीवर मापात दिलेले काळे ठिपके. माझा हात चपलेकडं गेला आणि तिथंच अडखळला. मी बायकोला हाक मारली. तिनं बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं.

"ह्याच रंगाची पैठणी मी येवल्यात मागत होते," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही दुकानदारासमोर म्हणालात, असा रंग जगात नसतोच."

विषय बदलणं भाग होतं. मी घाईघाईनं किड्याचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: 'हा कोणता किडा?'

पाण्याच्या टँकरचं बिल कुणी भरायचं हे विचारलं तर आमचा ग्रुप आठ-आठ दिवस मौन पाळतो. किड्याच्या बाबतीत मात्र 'मला ठाऊक नाही' म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांड्यांचं उत्तर तर फोटो पुरता उघडायच्या आत आलं: 'भुंगा.' पुढं पूर्णविराम. देशपांड्यांनी हयात सरकारी फायलींवर शेरे मारण्यात घालवली. फाईल वाचून शेरा मारायची सवय त्यांना नोकरीतही नव्हती.

नेने वहिनींनी लगेच लिहिलं, 'भुंगा नव्हे. मी कोकणातली आहे. भुंगा काळा असतो.' कोकणातलं असणं हा वहिनींचा सर्व विषयांतला पुरावा आहे. गेल्या वर्षी लिफ्ट बंद पडली तेव्हाही तो त्यांनी वापरला होता.

ए विंगमधल्या एका तरुणानं 'झुरळाचं पिल्लू' असं मत दिलं. तळमजल्याच्या आजोबांनी लिहिलं, हा घरात आला की धनलाभ होतो. त्यांच्याच सूनबाईंनी त्याखाली लिहिलं, हा अंगावर मुतला की फोड येतात. दोन्ही गोष्टी एकाच घरातून आल्यामुळं किड्याला आत घ्यावं की नाही ते कळेना. मधेच कुणीतरी गुलाबाच्या फुलासह 'शुभ प्रभात' पाठवून चर्चेत भर घातली. सेक्रेटरींनी 'ग्रुपवर फक्त सोसायटीविषयक संदेश टाकावेत' अशी समज दिली आणि मग मला खाजगीत विचारलं, 'बी विंगमध्ये पण आलाय का हो? चावतो का?'

चावतो का! हा प्रश्न सगळ्यांचाच होता. नाव, गाव, कुळ, काही नको. चावतो की नाही तेवढं सांगा. आणि चावत असेल तर तो परराज्यातून आलेला असणार, हेही ठरलेलंच. तसा एक फॉरवर्ड तासाभरात आलाच: 'सावधान! या किड्याच्या दंशानं मृत्यू.' सोबतच्या फोटोत एक केसाळ, पिवळी अळी होती. २०२२ साली बीडकडं घोणस अळीनं शेतकऱ्यांच्या अंगाची आग आग केली, तेव्हापासून तो फोटो महाराष्ट्रभर फिरतोय आणि दर पावसाळ्यात नव्या किड्याला डकवला जातो. अळी ती एका पतंगाची. आमच्या हिरव्या पाहुण्याशी तिचं काही नातं नव्हतं, पण सेक्रेटरींनी बी विंगमधल्या खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या.

मग मी विज्ञानाकडं वळलो. म्हणजे मोबाईलमध्ये एक ॲप उतरवून घेतलं. फोटो दाखवला की ते किड्याचं नाव सांगतं आणि स्वतःला त्याची किती टक्के खात्री आहे तेही सांगतं. ही दुसरी गोष्ट देशपांड्यांमध्ये नाही, म्हणून मला ॲपबद्दल आदर वाटला. पहिल्या फोटोवरून त्यानं एक बीटल सांगितला. तोच फोटो आडवा केल्यावर बग सांगितला. तिसऱ्या फोटोत किडा धूसर आला होता आणि माझा अंगठा स्वच्छ. तेव्हा ते 'गोगलगाय' म्हणालं, आणि तेही बऱ्याच खात्रीनं.

"अगदीच काही चुकलं नाही ते," बायको म्हणाली.

शेवटी कोल्हापूरला प्राणिशास्त्र शिकणाऱ्या भाचीला फोन लावला. खरं तर हे आधीच करायला हवं होतं, पण जाणकाराला शेवटी विचारायचं हा आपल्याकडचा शिरस्ता आहे. आधी सगळे अडाणी वाटेला लावल्याशिवाय जाणकाराची किंमत राहत नाही.

"मामा, आधी सांग, बग आहे की बीटल?"

"अगं, एकच ना ते?"

पलीकडं ती खोल श्वास घेत असल्याचं ऐकू आलं. "मामा, ढेकूण हा बग. काजवा हा बीटल. एकच?"

काजवा भुंग्याच्या जातीतला आहे हे मला नवीन होतं. मे संपता संपता भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला काजवे बघायला गाड्यांच्या रांगा लागतात. घाटात अर्धी रात्र हॉर्न वाजवून लोक पोचतात, काजव्यांवर मोबाईलचे टॉर्च मारतात आणि 'फार काही चमकत नव्हते' म्हणून परत येतात. आपण एवढा खटाटोप करून भुंगेरे बघून आलो हे त्यांना कुणी सांगत नाही.

भाचीनं मग नीट शिकवणी घेतली. भुंगेऱ्यांचे, म्हणजे बीटलचे पुढचे दोन पंख उडायच्या कामाचे राहिलेले नसतात. ती झालेली असतात कपाटाची दोन दारं: कडक, आणि मिटली की पाठीच्या मधोमध सरळ उभी फट. उडायचं झालं की दारं उघडायची, आत घडी घालून ठेवलेले पातळ पंख बाहेर काढायचे, उतरल्यावर पुन्हा घडी करून आत. (बायको इथं 'ऐका' म्हणाली. संदर्भ माझ्या शर्टांचा होता.) भुंगेऱ्याच्या तोंडात जबडे असतात, तो कुरतडून, चावून खातो. बगचं तसं नाही. त्याचे पुढचे पंख मुळाशी जाड आणि टोकाला पातळ, मिटले की तिरके एकमेकांवर येतात. त्यामुळं पाठीवर फुली दिसते आणि फुलीच्या वरच्या बेचक्यात एक त्रिकोण. जबडे नाहीत. तोंडाच्या जागी टोकदार नळी, काम नसेल तेव्हा पोटाखाली दुमडून ठेवलेली. ती खुपसायची आणि प्यायचं: कुणी झाडाचा रस पितो, कुणी दुसऱ्या किड्याचा, आणि ढेकूण कुणाचं काय पितो ते हॉस्टेलवर राहिलेल्या माणसाला सांगायला नको.

बाळपणातही फरक. बगचं पोर अंड्यातून निघतं तेच आईबापाच्या तोंडवळ्याचं, फक्त पंख नसतात. बारशाला आलेल्या बायका 'अगदी वडिलांवर गेलाय' म्हणाल्या तर ते इथं खरं असतं. भुंगेऱ्याच्या घरी मात्र अळी जन्मते. उसाच्या मुळ्या खाऊन शेतकऱ्याला रडवणारी ती पांढरी, कण्यात वाकलेली हुमणी हे एका भुंगेऱ्याचंच लेकरू. पुढं ती कोषात जाते आणि वळवाच्या सरीनंतर जमिनीतून बाहेर पडून संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमते, तेव्हा तिला तिची आईसुद्धा ओळखणार नाही.

"म्हणजे हा बग असेल तर ढेकणाच्या नात्यातला?" मी विचारलं. मोठ्यानं विचारलं, हीच चूक.

स्वयंपाकघरातून "ढेकूण?" एवढा एकच शब्द आला. त्यानंतरच्या अर्ध्या तासाचं वर्णन मी थोडक्यात करतो. दोन गाद्या, चार उशा आणि सासूबाईंनी लग्नात दिलेला कापसाचा लोड गॅलरीत आला. जुलै महिना असल्यामुळं ऊन नव्हतं, पाऊस होता. गाद्या बाहेर दिसल्यावर समोरच्या इमारतीनं निष्कर्ष काढला, आणि दुपारपर्यंत आमच्याकडं ढेकूण झाल्याची बातमी भाजीवाल्यापर्यंत पोचली. हिरवा किडा या सगळ्या धामधुमीत टॉवेलवरच होता. सबंध घरात शांत असा तो एकटाच.

आता पाठ बघायची. रेघ असेल तर बीटल, फुली असेल तर बग. चौथीच्या मुलालाही जमेल. मी चष्मा पुसला, सासऱ्यांचं पंचांग वाचायचं भिंग घेतलं आणि जवळ गेलो. पाठीवर रेघ नव्हती. फुलीही नव्हती. मानेपासून शेपटापर्यंत एकच अखंड, गुळगुळीत, चकचकीत पाठ. या कपाटाला दारंच नव्हती.

"मग उताणा कर आणि नळी आहे का बघ," भाची म्हणाली आणि तिनं क्लासला जायचंय म्हणून फोन ठेवला.

सांगायला काय जातं! किडा उताणा करणं ही शिकायची विद्या आहे आणि ती कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. आधी त्याला पकडायला हवा. त्यासाठी काचेचा पेला पालथा घालायचा आणि खालून जाड कागद सरकवायचा. कागद फार जाडही नको, नाहीतर किड्याचा पाय अडकतो. फार पातळ नको, नाहीतर वाकतो. घरातले सगळे कागद चाचपल्यावर कळलं की या कामाला लग्नपत्रिकेसारखा कागद नाही. त्यातही आतेबहिणीच्या धाकट्याची, सोनेरी बेलबुट्टीची. लग्नाचा आहेर महाग पडला होता, पण पत्रिका वसूल झाली. किडा 'आमचे येथे श्रीकृपेकरून' या ओळीवर उतरला आणि चालत 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' इथवर गेला.

तोवर उपस्थिती वाढली होती. देशपांडे मोठा टॉर्च घेऊन वर आले. नेने वहिनी उदबत्तीची काडी घेऊन आल्या. सेक्रेटरी दारातच उभे राहिले, कारण त्यांना फक्त बघायचं होतं. ढकलल्यावर किडा उताणा व्हायचा, सहाही पाय पोटाशी घ्यायचा, आणि मी भिंग नेऊन डोळा लावला की पाय झाडून क्षणात सुलटा. पुन्हा ढकलायचं, पुन्हा वाकायचं. या व्यायामानं किड्याला काही झालं नाही. माझी कंबर धरली.

"त्याला पेल्यातच ठेवा आणि पेला उलटा करा," देशपांडे म्हणाले.

"मग पेला उलटा होईल, तो नाही," वहिनी म्हणाल्या.

"अहो, तत्त्व समजून घ्या."

"तत्त्व तुम्ही धरा, पेला मी धरते."

चार्ल्स डार्विनला तरुणपणी भुंगेरे गोळा करायचं भयंकर वेड होतं. झाडाची साल सोलताना त्याला दोन दुर्मीळ भुंगेरे सापडले, ते त्यानं एकेका हातात धरले, आणि तेवढ्यात तिसरा दिसला. हात तर दोनच. त्यानं उजव्या हातातला पटकन तोंडात टाकला. भुंगेऱ्यानं जिभेवर असा काही जहाल द्राव सोडला की डार्विनला तो थुंकावा लागला. तो गेला आणि तिसराही गेला. हे त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. उत्क्रांती शोधून काढणाऱ्या माणसाची ही गत, तर पत्रिका आणि उदबत्तीची काडी घेऊन बसलेल्या आम्हा चौघांचं काय?

द्रावाची वेळ आमच्यावरही आली. काडीनं तिसऱ्यांदा ढोसल्यावर किड्याचा संयम सुटला आणि खोलीत एक वास पसरला. उग्र, तेलकट, काहीसा चुरगळलेल्या कोथिंबिरीच्या वळणाचा, पण त्या कोथिंबिरीनं काही गुन्हा केला असावा असा. सेक्रेटरी दारातून जिन्यात गेले.

त्याच वेळी वॉचमन टँकर आल्याचं सांगायला वर आला. तो परभणीकडचा, घरी तीन एकर कापूस. त्यानं नाक उचललं, पत्रिकेकडं नजर टाकली आणि विचारलं, "साहेब, ह्यो पान कुरतडतो का रस पितो?"

आम्ही सगळे गप्प. सकाळपासून एवढ्या सुशिक्षित माणसांनी 'चावतो का' हे विचारलं होतं, पण कुणाला चावतो आणि कसा, हे कुणी विचारलं नव्हतं. वॉचमनच्या हिशेबाला कारण होतं. कापसावरचा मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण हे सगळे रसशोषक. पांढरी माशी ही माशी नाही, तीही बगच्याच गोतातली. यांच्यासाठी आंतरप्रवाही औषध लागतं, जे झाडाच्या रसात भिनतं आणि रसाबरोबर पोटात जातं. पान कुरतडणाऱ्यांचं औषध वेगळं. चुकीची बाटली उचलली की पैसे पाण्यात. बग आणि बीटल हा भेद युरोपातल्या पंडितांनी लॅटिनमध्ये लिहून ठेवला असेल, पण कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या फळीवर तो बाटल्यांच्या रांगांनी मांडून ठेवलेला असतो.

"मग हा कोणता?" मी आशेनं विचारलं.

"कोणता का असंना," वॉचमन म्हणाला, "पंप आणू का? दोन्ही औषधं मिसळून मारतो." कृषी सेवा केंद्राचा आणि त्याचा संबंध तिथंच संपत असावा.

रात्री भाचीनं व्हिडिओ कॉल केला. किडा दमला होता, मीही दमलो होतो. दोघांनी फारसा प्रतिकार केला नाही. पेल्याच्या काचेवर तो चढत असताना खालून पोट दिसलं, आणि पोटाच्या मधोमध, पायांच्या जोड्यांमधून मागं दुमडलेली एक बारीक काळी नळी. भिंगातून तिचे पेरही दिसत होते. जबडे कुठंच नाहीत.

"बग!" भाची ओरडली. "ज्वेल बग आहे, मामा! सोसायटीत मोगली एरंड आहे का कुठं?"

होता. कंपाउंडच्या भिंतीला लागून, पाच वर्षं 'तोडायचा आहे' या ठरावासह. तिनं सांगितलं की बगच्या पाठीवर जो त्रिकोण असतो, तो या मंडळींमध्ये वाढत वाढत पंखांसकट सगळी पाठ झाकून बसतो. म्हणून फुली दिसत नाही, आणि म्हणून जो तो याला बीटल म्हणून फसतो. खरेखुरे ज्वेल बीटल वेगळे. त्यांच्या चकाकत्या पाठींची टिकली करून पूर्वी भरजरी कपड्यांवर शिवत. बायकोनं याकडं लक्ष दिल्याचं मी पाहिलं आणि कॉल आवरता घेतला.

निकाल ग्रुपवर टाकला. देशपांड्यांचं उत्तर आलं: 'मी भुंगा हा शब्द व्यापक अर्थानं वापरला होता.' नेने वहिनींनी लिहिलं: 'मी पहिल्यांदाच सांगितलं होतं, भुंगा नव्हे.' वहिनींचा निकाल बरोबर होता आणि कारण साफ चूक, पण ज्याचा निकाल बरोबर येतो त्याला कारण विचारायची आपल्याकडं पद्धत नाही. आजोबांनी धनलाभाचं मत कायम ठेवलं. सूनबाईंच्या फोडांचं मात्र भाचीनं नीट सांगितलं होतं: फोड आणणारा किडा निराळाच, नारिंगी-काळा, बारीक, मुंगीसारखा दिसणारा. पंखांची झाकणं इतकी आखूड की कुणाला पटणार नाही, पण तोही भुंगेराच. तो चावत नाही आणि मुततही नाही. अंगावर बसला की आपण त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातला द्राव कातडीला लागतो. फुंकर मारून उडवावा, बस्स. हे मी सविस्तर लिहिलं. त्यावर एकानं अंगठा दाखवला आणि विचारलं, 'पण चावतो का?'

सेक्रेटरींनी तरीही सावधगिरी म्हणून पेस्ट कंट्रोलच्या माणसाला बोलावलं. त्यानं पेल्याकडं वाकूनही न पाहता सांगितलं, "कॉक्रोच आहे सर. जेल लावून देतो."

"अहो, हा हिरवा आहे."

"जर्मन कॉक्रोच असतो सर."

"जर्मन म्हणून हिरवा?"

"बाहेरचा माल वेगळाच असतो सर."

मी किड्याला मोगली एरंडावर नेऊन सोडलं. पण तोवर मला नाद लागला होता. जे दिसेल ते मी उताणं करू लागलो. सगळ्यात मोठा साठा आमच्याच स्वयंपाकघरात निघाला. तांदळातला पोरकिडा भिंगाखाली धरला तर पाठीवर सरळ फट, म्हणजे बीटल. पण पुढं ही लांब सोंड! मी नळी समजून आनंदलो होतो, पण भाची म्हणाली की त्या सोंडेच्या टोकाला इवलेसे जबडे असतात, तांदळाला भोक पाडायला. मुगातला भुंगा बीटल. सगळी मंडळी बीटल. जगात नोंद झालेल्या भुंगेऱ्यांच्या जाती सुमारे ४ लाख आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच आमच्या डब्यांत असाव्यात असं मी बोलून दाखवलं. ते मी बोलायला नको होतं. १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आलेले आणि इथलेच नागरिक झालेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांना सृष्टीवरून तिच्या कर्त्याबद्दल काय कळतं असं विचारल्यावर, त्याला भुंगेऱ्यांचा भलताच लोभ असावा, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं होतं म्हणतात. हॉल्डेनना नंतर कुणी सगळे डबे चाळून उन्हात ठेवायला लावले की नाही, याची नोंद नाही. मला लावले.

जास्वंदीवर तर धर्मसंकटच उभं राहिलं. पिठ्या ढेकूण पडला होता, कापसाचे पुंजके चिकटवल्यागत. हा बग, रस पिणारा, शत्रू. बायको साबणाचं पाणी घेऊन निघाली. मी तिला थांबवलं, कारण त्याला खाणारा एक भुंगेरा असतो. ऑस्ट्रेलियातून आणलेला, इवलासा, काळा-नारिंगी. द्राक्षबागांत तो मुद्दाम सोडतात. त्याच्या अळ्या पिठ्या ढेकणाचा फडशा पाडतात.

"मग त्या अळ्या ओळखायच्या कशा?" तिनं विचारलं.

"अंगावर पांढरं मेण असतं. हुबेहूब पिठ्या ढेकणासारख्या दिसतात."

तिनं माझ्याकडं पाहिलं, फुलझाडाकडं पाहिलं, साबणाच्या पाण्याकडं पाहिलं. "म्हणजे चोर आणि पोलीस एकाच गणवेशात?"

"हो. पोलीस जरा मोठे असतात आणि जास्त हालचाल करतात."

"आपल्याकडचे नाहीत मग हे," ती म्हणाली आणि पाणी मारून मोकळी झाली.

नाद लपत नाही. सोसायटीत मी 'किडेवाले काका' झालो. सकाळी दूध घ्यायला दार उघडावं तर उंबऱ्यावर काड्यापेटी, आत काहीतरी वळवळतंय. श्रीखंडाच्या डब्यात मृगाचा किडा आला, मखमली, लाल. त्याचे पाय मोजले तर आठ भरले, म्हणजे तो कीटकच नाही, कोळ्यांचा भाऊबंद. हे आणणाऱ्या छोट्याला सांगितलं तर तो रडायलाच लागला, कारण त्यानं प्रकल्पाच्या वहीत सहा काढले होते. "दोन अजून काढ," म्हटलं, तर म्हणाला, "बाईंनी बरोबरची खूण दिलीय." बाईंच्या खुणेपुढं आठ पायांचा काय पाड!

परवा नेने वहिनी स्वतः आल्या. टिशूपेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "काल जेवताना ह्यांच्या ताटात निघालं. मेलेलं आहे. ह्यांचं म्हणणं भुंगा. तुम्ही बघा."

मी भिंग घेतलं. तपकिरी-काळं, लांबट शरीर. डोकं गोल, चार बाजूंनी टोकं. पाठीवर रेघ नाही, फुली नाही. उताणं केलं, नळी नाही. जबडे नाहीत. पायही नाहीत, पण मेल्यावर पाय गळतात कधीकधी. मी भाचीला फोटो पाठवायच्या बेतात होतो. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली, ट्रे ठेवता ठेवता तिनं टिशूत डोकावलं आणि ती वस्तू चिमटीत उचलून नाकाशी नेली.

"लवंग आहे," ती म्हणाली. "काल मसालेभात केला होता का, वहिनी?"

वहिनींनी चहाचा कप उचलला, एक घोट घेतला.

"तरी मी ह्यांना म्हणत होते," त्या म्हणाल्या, "भुंगा नसणारच."